दाभणमामांची ठेवण

दाभणमामांना डिंक आवडत नसे. टाचणी आवडत नसे, आणि स्टेपलर तर त्यांना आपला अपमान वाटे. दोन कागद एकत्र राहायला हवे असतील तर ते शिवायचे, हा त्यांचा नियम. आलेलं पत्र, त्याचं पाकीट, आम्ही पाठवलेल्या उत्तराची नक्कल, असं सगळं मांडीवर घेऊन ते जमिनीवर पाय लांब करून बसत आणि मेण लावलेल्या दोऱ्याने असं घट्ट शिवत, की पुढे कुणाला त्यातला एक कागद काढायचा झाला तर तो फाडावाच लागावा. "चिकटवलेला पावसात आपसूक सुटता," ते म्हणत. "शिवलेला सुटूचा झाला तर कोणीतरी सोडवचा लागता." तेव्हा मला ते वाक्य नुसतं गमतीचं वाटायचं.

मामा शिडं शिवणाऱ्यांच्या घरातले. वडिलांनी आणि आजोबांनी मंगळूर-कालिकतपर्यंत जाणाऱ्या गलबतांची शिडं शिवली होती. मामांच्या उमेदीत होड्यांना मशिनं बसली आणि शिडाची गरज संपली. मग त्यांनी ताडपत्र्या शिवल्या, लग्नाच्या मांडवांची कापडं शिवली, दशावताराच्या कंपनीचे पडदे सांधले. हातातला दाभण तेवढा तोच राहिला आणि त्यावरून नाव पडलं. त्यांचं खरं नाव मला माहीत आहे, कारण पुढे सरकारी आणि बिनसरकारी कागदांवर ते मीच लिहिलं. वाडीत ते कुणाला आठवत नव्हतं.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा अठरा वर्षांची होते. बाबा बांधकाम खात्यात कारकून. त्यांच्या नोकरीमुळे माझं शिक्षण सावंतवाडीत, इंग्रजी माध्यमात झालं. ते निवृत्त झाल्यावर आम्ही मालवणजवळच्या आमच्या वाडीत राहायला आलो. मला मालवणी कळायची, पण बोलायला गेले की नळावरच्या बायका एकमेकींकडे बघत, म्हणून मी बोलणंच कमी केलं. एका सकाळी मामा न फोडलेलं एक पाकीट घेऊन आमच्या अंगणात आले. बाबांनी मला पुढे केलं. "हिका इंग्रजी येता, मामा. बोलूक तेवढा येणा नाय."

मामांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, एखाद्या कापडाचा पन्हा बघावा तसं. "बरा झाला," ते म्हणाले. "बोलणारी वाडी भरान आसत."

त्या दिवसापासून मी त्यांची सायबीण झाले. "काय गो सायबीण, घरात आसस?" अशी हाक अंगणात आली की मी पुस्तक मिटून चपला शोधायला लागे. मला कुणी चिडवलेलं आवडत नसे, पण हे आवडे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

पाकिटं येत ती मोठ्या शहरातल्या एका संस्थेकडून. कुणी प्राध्यापक एकदा किनाऱ्यावर आले होते, ते मामांचा पत्ता घेऊन गेले आणि त्यानंतर ते वार्तापत्र दर महिन्याला यायला लागलं. ते छोट्या संग्रहालयांसाठी, दप्तरखान्यांसाठी आणि गावोगावच्या इतिहास मंडळांसाठी होतं. कुठे नवी इमारत झाली, जुने कागद कसे वाळवावेत याचं शिबिर कुठे आहे, कुणाला कसलं साहाय्य मिळू शकतं, अर्जाची शेवटची तारीख कोणती. मामा पाकीट स्वतः फोडत नसत. "ज्येका वाचूक येता तेनाच पत्र फोडूचा." मी एकेक बातमी वाचून मराठीत सांगे, आणि प्रत्येक बातमीनंतर ते एकच प्रश्न विचारत, "ही संधी आपल्याक आसा काय?" बहुधा नसे. पोस्टाने पाकीट येईपर्यंत शेवटची तारीख उलटलेली असे. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. "तारली इली म्हणान सांगणारो धावत येयसर तारली थंय ऱ्हवता काय?" असं तारली माशांचं उदाहरण देऊन ते दाभण काढत आणि वार्तापत्र मागच्या अंकांना शिवून टाकत.

पण उत्तर मात्र दर वेळी जाई. पत्र आलं की उत्तर गेलंच पाहिजे, नाहीतर ती माणसं म्हणतील इथे कुणी राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग मी कार्डावर इंग्रजीत लिही, की आपला अंक मिळाला, आभारी आहोत, शिबिराला येता येणार नाही, समुद्र शांत आहे. समुद्राचं वाक्य मामांचं. मी एकदा ते गाळलं, तर वाचून दाखवताना त्यांनी पकडलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण वाक्यं मोजता येत होती.

वाडीतल्या जुन्या वस्तू सांभाळणाऱ्या मामांच्या मंडळाची जागा म्हणजे मच्छीमार सोसायटीची जुनी बर्फाची खोली. बर्फाचा नवा कारखाना झाल्यावर ती पडून होती. जाड भिंती, खिडकी नाही, एकच जड दार. बाहेर मंडळाची रंगवलेली पाटी होती, पण वाडीत तिला मामाची ठेवण म्हणत. आत पितळी होकायंत्र, पाण्याची लाकडी पिंपं, पेटारे, कंदील, लग्नात भात शिजवायची तांब्याची तपेली, मासे विकणाऱ्या कुणा आजीचा तराजू, आणि परमुलखातल्या बंदरांतून गलबतं चालवणाऱ्या तांडेलांनी घरी धाडलेली पत्रं होती. आमच्या पणजोबांचं वल्हंही तिथेच. बाबांनी ते आनंदाने दिलं होतं. घरात ते कुठल्याच दाराआड मावत नव्हतं.

प्रत्येक वस्तूला मामांनी जुन्या शिडाच्या कापडाची बोटभर चिठ्ठी शिवली होती. तिच्यावर काळ्या दोऱ्याने फक्त घराचं नाव. माडाखालचं घर. व्हाळापलीकडचं घर. थोरलं घर. मी शिकलेली मुलगी, म्हणून मी विचारलं की वस्तूचं नाव कुठे आहे. "वस्तू कसली ता दिसता," मामा म्हणाले. "कोणाची ता दिसणा नाय. म्हणान."

कारण ठेवणीतल्या वस्तू मंडळाच्या नव्हत्याच. वर्षातून कितीदा तरी कुणी ना कुणी दारात येऊन उभं राही. लग्न आहे, तपेलं हवं. गणपतीत समई हवी. कार्य झालं की वस्तू परत येई, कधी राखेने घासलेली, कधी हळदीचे डाग तसेच ठेवून, आणि मामा ती पुसून जागेवर ठेवत. मी विचारलं की हे कसलं संग्रहालय. त्यावर त्यांनी आयुष्यभर म्हटलेलं वाक्य मला पहिल्यांदा ऐकवलं. "वस्तू तेंची, धूळ माझी."

या कराराचा कागद नव्हता. त्याचं गाऱ्हाणं होतं. नवी वस्तू आली की मामा खोलीच्या उंबऱ्यावर नारळ ठेवत, घरातली चार माणसं अंगणात उभी राहत, आणि मामा आवाज चढवून ग्रामदेवतेला सांगत, "बा देवा म्हाराजा, आज ह्या घरान ही वस्तू हय आणल्यान आसा. ती देवक नाय, ठेवक आणल्यान. घर मागीत तेव्हा ती घराक परत गावांदे." द्यायला नाही, नुसती ठेवायला, मागेल तेव्हा घराला परत. बाकीचे म्हणत, "व्हय म्हाराजा." झालं. त्यावर सही नाही, साक्षीदार नाही. म्हणजे साक्षीदार देव आणि चार शेजारी. एकाही वस्तूवरून कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही.

बाबल तांडेलांचा शंख आला त्या दिवशी मी तिथे होते. पांढरा, तोंडाशी पिवळसर पडलेला मोठा शंख. धुक्यात होडी सापडली की तो फुंकत. त्या घराची आणखी एक रीत होती: घरातला कर्ता पुरुष गेला की त्याची राख समुद्रात सोडताना हाच शंख फुंकायचा. घराची डागडुजी निघाली, म्हणून बाबल तांडेल तो स्वतः घेऊन आले.

"मी मेलंय काय ह्यो फुंकूचो लागतलो," ते मामांना म्हणाले. "तवसर तुझ्याकडे ऱ्हवांदे. पण तूच आदी मेलंस तर?"

"तर माझ्यासाठी फुंक," मामा म्हणाले, "आणि आठवणीन परत जाग्यार ठेव."

दोघं इतके हसले की गाऱ्हाणं घालायला पाच मिनिटं उशीर झाला.

त्यानंतरच्या पावसात बर्फाच्या खोलीचं छप्पर गळू लागलं. मामांनी ताडपत्री शिवून घातली, ती वाऱ्याने उडाली, दुसरी शिवली. भिंतींना ओल आली. पत्रांच्या पेट्या आम्ही रोज एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवत होतो. आणि त्याच दिवसांत वार्तापत्रात ती बातमी आली. घाटावरच्या शहरात एक विभागीय केंद्र सुरू झालं होतं आणि ते किनाऱ्यावरच्या छोट्या संग्रहांना जपणुकीसाठी दोन वर्षांच्या योजनेतून साहाय्य देणार होतं. शेवटची तारीख उलटलेली नव्हती. मी ती तारीख दोनदा वाचून दाखवली. मामांनी दाभण खाली ठेवला. "म्हणजे ही आपल्याक आसा," ते म्हणाले.

अर्ज सोळा पानांचा होता आणि इंग्रजीत होता. मी तो आठवडाभर भरला. प्रत्येक वस्तूचं वर्णन केलं, माप घेतलं. मामा वितीने मोजत आणि मी सेंटिमीटर करी. मालवणात सायबर कॅफे नुकताच निघाला होता, तिथे बसून टाइप केलं. मला आनंद होत होता, हे कबूल करायला हवं. सावंतवाडीच्या शाळेत बारा वर्षं शिकलेलं इंग्रजी पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडत होतं.

मग तो रकाना आला. वस्तू अर्जदार संस्थेच्या मालकीच्या आहेत काय. मामांना विचारलं, तर त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "नाय म्हणान लिव. खरा ता लिव."

मी बूथवरून केंद्राला फोन केला. तिकडच्या बाई फार गोड बोलल्या. म्हणाल्या, अगं, सगळ्याच लहान संस्थांचं असंच असतं, मालकीच्या आहेत असंच सगळे लिहितात, नाहीतर अर्ज पहिल्या चाळणीतच जातो. मी कॅफेत परत आले आणि 'होय' लिहिलं. खाली आणखी एक ओळ होती: केंद्राला आवश्यक वाटेल तितका काळ वस्तू जपणुकीसाठी हलवायला संस्थेची हरकत नाही. ती मी वाचली. अशा ओळी प्रत्येक अर्जात असतात, असं मला वाटलं. खरं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं.

सही करताना मामांनी सगळी पानं एकदा चाळली. त्यांना त्यातलं काही वाचता येणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. "सगळा बरोबर आसा मां?" त्यांनी विचारलं.

मी "हो" म्हणाले.

अर्ज मंजूर झाला. सावंतवाडीत एका सभागृहात मामांना शाल आणि नारळ मिळाला. त्यांनी शाल नीट उलटी करून शिवण पाहिली आणि माझ्या कानात म्हणाले, मशिनीची आसा. मग केंद्राची माणसं पाहणीला आली. त्यांनी हातमोजे घालून भिंतींची ओल मोजली, आणि वस्तूंना इथे धोका आहे, निवडक चाळीस वस्तू केंद्रात नेऊन त्यांच्यावर प्रक्रिया करावी लागेल, असं सांगितलं. छप्पर या योजनेत बसत नव्हतं. मी मामांना म्हणाले, दोन वर्षांचा प्रश्न आहे. दोन वर्षं योजनेची होती. वस्तूंच्या परतीबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. मी दोन्ही एकत्र करून सांगितलं.

मामा घरोघर जाऊन विचारून आले. कुणी नाही म्हणालं नाही. मामा म्हणतात म्हणजे ठीक असणार. बाबल तांडेल तेव्हा अंथरुणाला खिळले होते. ते म्हणाले, "दोन वर्सा मी काढतंय, तू घाबरा नको."

टेम्पो आला त्या दिवशी मामांनी उंबऱ्यावर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. केंद्राची तरुण मुलं कौतुकाने ऐकत होती, एकाने फोटोही काढले. गाऱ्हाणं संपल्यावर वस्तू कागदात गुंडाळताना एकाने कात्री काढली आणि शिडाची पहिली चिठ्ठी कापली. जुन्या कापडात बुरशी असते, ती वस्तूला लागते, असं त्याने मला समजावलं. त्याचं बरोबरच असेल. चिठ्ठी पडली की मामा वाकत, ती उचलत आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकत. चाळीस वेळा वाकले. शेवटच्या काही वेळा मी उचलू लागले, तर त्यांनी मला हाताने थांबवलं.

टेम्पो गेल्यावर दोन महिन्यांनी साहाय्य आलं: लोखंडी मांडण्या, सहा. ठेवायला फारसं काही उरलं नव्हतं. खाऱ्या हवेने त्या पहिल्याच वर्षी गंजल्या. मामा त्यांना अधूनमधून तेल लावत.

दोन वर्षं झाली. मी पत्रं लिहिली. प्रक्रिया चालू आहे, असं एकदा उत्तर आलं, मग उत्तर यायचं थांबलं. तिसऱ्या वर्षी बाबल तांडेल गेले. त्यांचा मुलगा दाजी दुसऱ्या दिवशी ठेवणीच्या दारात आला. रडून डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर काळजी नव्हती. दहाव्याला राख सोडायची आहे, शंख हवा, एवढंच तो म्हणाला. मामा म्हणाले, "हाडतंय," आणून देतो.

आम्ही पहाटेच्या एसटीने निघालो. मामांनी आदल्या दिवशी शंखासाठी एक पिशवी शिवली होती, आतून जुन्या धोतराचं मऊ अस्तर लावलेली. तळेऱ्याला गाडी बदलली, घाट चढलो. सगळा वेळ ती रिकामी पिशवी त्यांच्या मांडीवर होती, नीट घडी घातलेली.

केंद्रातल्या बाई बोलू लागल्या आणि मी आवाज ओळखला. फोनवरचाच. त्यांना मी आठवणं शक्य नव्हतं. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. मामा शुद्ध मराठीत बोलले. कचेरीत ते तसंच बोलत. "आमच्याकडचा एक शंख आपल्याकडे आहे. त्या घरातलं माणूस गेलंय. चार दिवसांसाठी हवा होता. मी स्वतः परत आणून देईन."

बाईंना खरंच वाईट वाटलं असावं. पण शंख आता कायमच्या दालनात मांडलेला आहे, तो असा बाहेर काढता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. "आणि मामा, तो त्या घराचा नाही ना. तुमच्या मंडळाने दिलेला आहे."

"मंडळाचा नव्हता, बाई. मंडळाचं काहीच नाही. आम्ही फक्त सांभाळतो."

त्यांनी उठून फाईल आणली, पान शोधलं आणि मामांसमोर ठेवलं. त्यावर बोट ठेवून मराठीत वाचून दाखवलं: सगळ्या वस्तू मंडळाच्या मालकीच्या आहेत, आणि केंद्राला वाटेल तितका काळ न्यायला हरकत नाही. मामांनी ते पान जवळ ओढलं. वरच्या इंग्रजी ओळी त्यांच्यासाठी नुसत्या रेघा होत्या. खालच्या सहीची अक्षरं तेवढी त्यांना वाचता येत होती, चिठ्ठीवर शिवल्यासारखी मोठी, सुटी सुटी.

"सही माझीच आहे," ते म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी फाईलीच्या कोपऱ्यातल्या पिनांकडे पाहत होते. बोलायची जागा तीच होती. बाई समोर होत्या, कागद समोर होता, मला फक्त सांगायचं होतं की हे मी लिहिलं, आणि तुम्ही लिहायला सांगितलंत. त्याने शंख मिळाला असता असं नाही. पण मामांच्या सहीच्या शेजारी माझं नाव आलं असतं.

जाताना बाईंनी आम्हाला दालन दाखवलं. शंख काचेत होता, त्याच्यावर वरून दिवा सोडलेला. खालच्या पाटीवर माझंच वर्णन होतं, माझ्याच शब्दांत: लांबी, रंग, धुक्यात वापरण्याचं ध्वनिसाधन. शेवटी मंडळाकडून भेट, असं लिहिलेलं. घराचं नाव कुठे नव्हतं, कारण अर्जात त्याला रकानाच नव्हता. मामांनी काचेवर हात ठेवला. पहारेकऱ्याने हात काढायला सांगितलं. त्यांनी तो काढला आणि तळव्याकडे बघितलं.

"धूळ सुदा नाय," ते म्हणाले.

परतताना तळेऱ्याला गाडीची वाट बघत आम्ही टपरीवर चहा घेतला. मी कसाबसा धीर गोळा केला. "मामा, तो फॉर्म..."

"चाय घे," ते म्हणाले. "थंड जाता."

राख शंखाशिवाय सोडली गेली. मी दुरून पाहिलं. होडी परत आल्यावर दाजी मामांसमोर येऊन उभा राहिला. तो ओरडेल असं मला वाटलं होतं, पण तो अगदी हळू बोलला. "बापाशीन तुमच्याकडे ठेवलेलो, मामा. केंद्राकडे नाय." बाकीच्यांनी इतकं हळू बोलण्याची तसदी घेतली नाही. मामान सगळा इकल्यान आणि शाल घेतल्यान, हे वाक्य आठवडाभरात बाजारापर्यंत पोचलं.

पुढच्या सोमवारी मामा डबा काखेत घेऊन आमच्याकडे आले. हाक न मारता अंगणात उभे राहिले. मी बाहेर आले तर म्हणाले, "चल." सायबीण म्हणाले नाहीत. त्या दिवसानंतर कधीच म्हणाले नाहीत.

आम्ही दोन दिवस घरोघर फिरलो. प्रत्येक अंगणात मामा एकच हाक मारत, "घरात कोण आसा?" कुणी बाहेर आलं की डब्यातली त्या घराची चिठ्ठी काढून दोन्ही हातांवर पुढे धरत आणि म्हणत, "तुमची वस्तू माझ्याकडे नाय. माझ्या हातान गेली." एवढंच. कारण सांगत नसत, माफी मागत नसत, केंद्राचं नाव घेत नसत. एका म्हातारीने चिठ्ठी पदराने पुसून देव्हाऱ्यात ठेवली. एकाने विचारलं, ह्या तिकिटार एसटी फुकट गावता काय, आणि मागची माणसं हसली. एका घराने घेतलीच नाही. मामांनी ती ओट्यावर ठेवली आणि वाऱ्याने जाऊ नये म्हणून वर एक दगड ठेवला. दाजीने घेतली. मुठीत धरली आणि आत गेला.

मी शेजारी उभी असे. लोकांना वाटत असेल, मामांना सोबत म्हणून आलीय. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

मामा गेले त्याला आता दोन वर्षं होतील. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. बाबांनी फोनवर सांगितलं. बर्फाची खोली सोसायटीने परत घेतली, आत आता जाळी असतात. वार्तापत्र अजून येतं, हल्ली ई-मेलने, माझ्याच नावावर, कारण अर्जात मंडळाचा संपर्क म्हणून मी माझं नाव दिलं होतं. नव्या संधी, शेवटच्या तारखा. मी उत्तर पाठवत नाही. तिकडच्यांना वाटत असेल, इथे कुणी राहत नाही.

पण मला सांगायचं आहे ते चिठ्ठ्या घेऊन फिरलो त्यातल्या दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळचं. सगळी घरं झाली होती. डब्यात एकच चिठ्ठी राहिली होती. आम्ही आमच्या अंगणाशी आलो आणि मी दोन दिवसांच्या सवयीने मामांच्या शेजारी उभी राहिले.

"आत जा," ते म्हणाले.

मला वाटलं, आता पुरे म्हणून मला घरी पाठवतायत. मी पायऱ्या चढून आत गेले. बाबा बाजारात गेले होते, आई मागे विहिरीवर. मी ओटीवर पोचते तोच अंगणातून हाक आली.

"घरात कोण आसा?"

मी बाहेर आले. मामा अंगणात उभे होते, प्रत्येक घरापुढे उभे राहिले तसेच, अंतर राखून. त्यांच्या तळहातांवर पणजोबांच्या वल्ह्याची चिठ्ठी होती.

"मी आहे," मी म्हणाले.

"तुमची वस्तू माझ्याकडे नाय," मामा म्हणाले. "माझ्या हातान गेली."

त्यांनी एकही शब्द बदलला नव्हता. मग ते थांबले. बाकी कुठल्या अंगणात ते असे थांबले नव्हते. मला उत्तर माहीत होतं. त्यांच्या हाताने गेली नव्हती, एवढंच म्हणायचं होतं, आणि ते मला तीन भाषांत म्हणता आलं असतं. मी दोन पायऱ्या उतरले आणि चिठ्ठी घेतली.

मामांनी आणखी थोडी वाट पाहिली. मग रिकाम्या डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि ते गेले.